खाणीतल्या पाण्याचा कागद

गडचांदूरच्या बाजारात मनसाराम मारबते कोण असं विचारलं तर दहातले आठ लोक नाही म्हणून मान हलवतील. मच्छी सोसायटीचा सचिव म्हटलं की मग म्हणतील, हो, ते टेंभरीचे बाबा. इतकीच त्यांची ओळख. आमच्या भागात ज्याच्या नावाची पाटी नाही त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला पान पान भरून छापणारे पेपरवाले मी पाहिले आहेत, म्हणून हे मी लिहितो आहे.

मनसारामभाऊ मूळचे सावलीकडचे. वैनगंगेच्या काठचं गाव, ढिवराचं म्हणजे मासेमाराचं घर. बाप जाळी विणायचा, आई टोपली घेऊन सावलीच्या बाजारात बसायची. पोरगा सातवी पास झाला आणि शाळा संपली. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन ते कोरपना तालुक्यातल्या टेंभरीला आले, तेही घरजावई म्हणून. बुधरीबाईच्या बापाला मुलगा नव्हता. घरजावयाला गावात काय मान असतो ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पंगतीत वाढणारा हात त्याच्यापाशी जरा घाईने पुढे सरकतो आणि सभेत तो बोलायला उठला की कुणीतरी मागून म्हणतं, "पाहुण्याले पाणी द्या रे." सोळा-सतरा वर्षं मनसारामभाऊंनी हे ऐकून घेतलं.

टेंभरीचा तलाव निजामाच्या वेळचा, चाळीस एकरांचा. मच्छीचा ठेका बाहेरचा व्यापारी घ्यायचा आणि गावचे ढिवर त्याच्याकडे रोजीने जाळी ओढायचे. सावलीकडे ढिवर सोसायटी करून स्वतःच तलाव घेतात, हे मनसारामभाऊंनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी एकतीस घरं जमवली, चंद्रपूरला चकरा मारल्या आणि एक्याण्णव साली सोसायटी नोंदवली. घरजावई सचिव झाला. पाहुण्याला पाणी देणारे त्याच्याकडे मच्छी मागायला येऊ लागले.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. दर पौर्णिमेला सांडव्याजवळ ठरलेल्या दगडापाशी बांबू उभा करायचा, पाणी जिथवर लागेल तिथे विळ्याने खाच पाडायची. वर्षाला एक बांबू. जुने बांबू घराच्या आढ्याला बांधून ठेवलेले. कोणत्या साली कोणत्या महिन्यात किती पाणी होतं ते त्यांना कागद न पाहता सांगता यायचं.

दुसरी सवय त्यांना सरकारने लावली. त्र्याण्णव साली मत्स्यबीजासाठी त्यांनी अर्ज दिला. अर्ज दोन पानांचा, शिक्का पहिल्याच पानावर. दुसऱ्या पानावर शिक्का नाही म्हणून अर्ज परत आला. तो दुरुस्त होऊन जाईपर्यंत बीज सोडायचे दिवस निघून गेले आणि एकतीस घरांचं वर्ष कोरडं गेलं. तेव्हापासून सोसायटीचा गोल शिक्का आणि जांभळ्या शाईची डबी त्यांच्या पिशवीत कायम. कागद आला की आधी शिक्का, मग वाचन. गावोगावच्या लोकांच्या तक्रारी लिहून देणारा मी थट्टा करायचो, "मनसारामभाऊ, जावयाच्या पत्रिकेवरही मारला असेल." ते म्हणायचे, "हसून घ्या, भैयाजी. वापस तं माझा कागद येते, तुमचा नाई."

नव्व्याण्णव साली सिमेंट कंपनीने टेंभरीच्या टेकडीमागे चुनखडीची दुसरी खाण उघडली. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, फुकटात जाहिरात कशाला. दोन हजार दोनपासून तलाव बिघडला. पावसाळ्यात भरायचा, पण दिवाळीनंतर पाणी असं उतरायचं की जणू खालून कुणी ओढतं आहे. आधी एप्रिलपर्यंत कमरेएवढं राहायचं, ते आता जानेवारीतच चिखलावर यायचं. बोटभर बीज ऑगस्टमध्ये सोडलं तर ते विकण्याजोगं व्हायला मार्च लागतो. जानेवारीत तलाव आटला की वीतभर मच्छी चिखलात मरते. दोन वर्षं तेच झालं. तिसऱ्या वर्षीही उत्पन्न नाही निघालं तर ठेका रद्द होऊन तलाव लिलावात जाणार होता. म्हणजे परत बाहेरचा व्यापारी, परत रोजी.

आम्ही म्हणायचो खाणीत पंप चालतात, रात्रंदिवस घरघर ऐकू येते, पाणी टेकडीपलीकडच्या नाल्यात सोडतात. कंपनी म्हणायची, आमची खाण कोरडी आहे, पाण्याच्या पातळीच्या वरच आम्ही खोदतो, पंप नाहीच. खाणीला तारेचं कुंपण आणि दारावर बंदूकवाला. चौकशीला एक साहेब आले, त्यांची गाडी फाट्यावर असतानाच घरघर बंद झाली. साहेबांना मनसारामभाऊंनी अकरा बांबू काढून दाखवले. साहेब म्हणाले, "छान आहेत, मंडपाला कामी येतील."

मी स्वतः कंपनीच्या खाणीची माहिती मागणारे अर्ज चार ठिकाणी टाकले. एकाचं उत्तर आलं, खाजगी कंपनीची माहिती देता येत नाही. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात आम्ही सातवी तक्रार टाइप करायला गडचांदूरला शफीभाईच्या दुकानात गेलो. शफीभाईचं आधी एसटीडी बूथ होतं, मग टायपिंग आलं, मग दोन कॉम्प्युटर आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी. एका कॉम्प्युटरवर ते माझा मसुदा टाइप करत होते. दुसऱ्यावर त्यांची मुलगी इकरा बसलेली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने सांगितलं होतं, कोणत्याही एका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि त्यावर दहा पानं लिहा.

मनसारामभाऊ तिच्या मागे स्टुलावर बसले होते. पडदा हळूहळू वरून खाली भरत होता, जसं टेलिफोनच्या तारेवरून तेव्हा यायचं तसं. आधी आभाळ आलं, मग टेकडी.

"पोरी," मनसारामभाऊ म्हणाले, "हे आमची टेकडी इथी कशी आली?"

"तुमची कुठली चाचा, कंपनीची आहे. अहवालाचं कव्हर आहे हे."

"टेकडी आमचीच आहे. ते मोहाचं झाड पाह्य. त्याच्या खाली माझ्या सासऱ्याचं वावर होतं."

मी उठून आलो. खरंच टेंभरीची टेकडी, अर्धी कापलेली, समोर पिवळा डंपर आणि हेल्मेट घातलेला एक हसरा माणूस. इकराने सांगितलं ते असं. ज्या कंपनीचे शेअर बाजारात विकले जातात तिला आपला वर्षाचा हिशेब आणि कारभाराचा अहवाल द्यावा लागतो. आता शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर तो सगळ्यांसाठी टाकतात. कुणीही उघडावा, कुणीही वाचावा.

"पैसे?" मनसारामभाऊंनी विचारलं.

"साइटचे काहीच नाही. अब्बांचे तासाचे तीस."

"मनसारामभाऊ से कब लिए मैंने?" शफीभाई टाइप करता करताच म्हणाले. "मच्छी घेतो मी त्यांच्याकडून."

"दोन वर्षं झाले, मच्छी कुठी आहे?"

"तोच हिशेब तर वाढत चालला ना, भाऊ."

"पण आपुन शेअर घेतला नाई तं?" मनसारामभाऊंचं लक्ष पडद्यावरच होतं.

"नाही घेतला तरी," इकरा म्हणाली. "मी कुठे घेतला?"

ते म्हणाले, "मग त्याच्यात पाण्याचं काई लिव्हलं आहे का, पाह्य बरं."

चौऱ्याऐंशी पानं होती. इकराने शोधायच्या जागी इंग्रजीत पाणी असा शब्द टाकला. पहिल्यांदा वसाहतीतल्या नळाची गोष्ट आली, मग पिण्याच्या पाण्याचं बिल, मग आणखी काय काय. मी म्हटलं जाऊ द्या. सहाव्या की सातव्या ठिकाणी ती थांबली. ते पान वीज वाचवल्याबद्दलचं होतं. कंपनीने वर्षभरात वीज कशी वाचवली ते अहवालात लिहावंच लागतं, असा कायदा आहे. मला तो तोपर्यंत माहीत नव्हता. कायद्याच्या सतरा पुस्तकांना मी पुठ्ठे घातले आहेत, पण हे एक कलम सुटलं होतं.

इकराने वाचून अर्थ सांगितला. खाण क्रमांक दोनमधलं पाणी उपसायला जुने डिझेल पंप होते. ते काढून पंचाहत्तर हॉर्सपॉवरचे तीन विजेचे पंप बसवले. ते वर्षाला आठ हजार सातशे तास चालतात, त्यामुळे खर्चात मोठी बचत झाली.

दुकानात शफीभाईंच्या बोटांचा आवाज तेवढा बंद झाला.

"पुन्हा वाच," मनसारामभाऊ म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं.

"खुद ही लिख दिया?" शफीभाई म्हणाले. "ये कंपनी पागल है क्या?"

कंपनी वेडी नव्हती. ती सरकारसमोर गरीब होते आणि शेअरवाल्यांसमोर हुशार होते. शेअरवाल्यांसाठी लिहिलेलं टेंभरीचा ढिवर वाचेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षं मी ज्या दारावर लाथा मारत होतो ते दार नव्हतंच, बाजूने रस्ता मोकळा होता. मला राग आला तो कंपनीपेक्षा माझाच. मी शफीभाईंना म्हटलं, माझी ती तक्रार फाडा. ते म्हणाले, टायपिंगचे बारा रुपये होतात, फाडायचे वेगळे.

इकराने चार पानं छापून दिली: कव्हर, अनुक्रमणिका, विजेचं पान आणि सहीचं पान. दुकानाच्या कार्डामागे तिने साइटचा पत्ता आणि कंपनीच्या नावाने कसं शोधायचं ते इंग्रजीत लिहून दिलं. पानं मनसारामभाऊंनी पिशवीत ठेवली. इथे माझी चूक झाली. ती पानं मी माझ्याकडे ठेवायला हवी होती.

फेब्रुवारी दोन हजार पाचमध्ये चंद्रपूरला अपर जिल्हाधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली. तोवर तलाव चिखलावर आला होता. आमच्याकडून मनसारामभाऊ, मी आणि सोसायटीचे पाच लोक. बुधरीबाईही आल्या होत्या, म्हणाल्या, "याइले बस लागते, मी सोबत असली तं उलटी नाई करत." कंपनीकडून नागपूरचे वकील आणि खाणीचा एक मॅनेजर. वकिलांनी तेच सांगितलं, खाण कोरडी, पंप नाही, तलाव गाळाने भरला आहे.

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे कंपनीचाच कागद आहे."

मनसारामभाऊंनी पिशवीतून चार पानं काढली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवली. चारही पानांवर सोसायटीचा गोल जांभळा शिक्का. शेजारी 'सत्यप्रत', त्याखाली सही, 'सचिव', तारीख. खाली मजकूर काठापर्यंत होता, जागा नव्हती, म्हणून त्यांनी शिक्का वर मारला होता. वर म्हणजे जिथे कंपनीचं नाव आणि वर्ष होतं तिथे. शाई ताजी घातली असावी. नाव दिसत नव्हतं.

वकिलांनी पानं हातात घेतली आणि शांतपणे परत ठेवली. "साहेब, हा मच्छीमार सोसायटीचा कागद आहे. ज्यांची तक्रार त्यांचाच शिक्का, त्यांचीच सही, सत्यप्रतही तेच म्हणतात. उद्या माझ्या चारित्र्याचा दाखला मीच देतो, चालेल का? आणि यावर माझ्या पक्षकाराचं नाव कुठे आहे?"

लोक हसले, आमचे पाच धरून. साहेबांनी चष्मा काढून पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "नाव तर खरंच वाचता येत नाही."

मी मनसारामभाऊंकडे वळलो. "कोणी सांगतलं होतं शिक्का मारायले?"

"बिना शिक्क्याचा कागद कोणी पाहत नाई, भैयाजी."

"हा कागद आपला नव्हता ना, बाप्पा. त्यांचा होता."

"म्हणूनच तं मारला. त्याइचा शिक्का नव्हता त्याच्यावर, कोरा होता. म्हटलं साहेब वापस करतील."

त्यानंतर मी वकिलांना उद्देशून जे बोललो ते छापण्याजोगं नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही खाली बसा, नाहीतर बाहेर जा." मी बाहेर गेलो नाही आणि खाली बसलोही नाही. साहेब फाइल मिटायला लागले. फाइल मिटली असती तर आदेश निघाला असता की तक्रार पुराव्याअभावी निकाली. मार्चमध्ये ठेका रद्द झाला असता. एकतीस घरांचा निकाल फाइलच्या दोऱ्याच्या गाठीत होता.

मनसारामभाऊ पुढे झाले. सरकारी टेबलाला हात लावायचा नसतो, हे त्यांना कुणीतरी कधी शिकवलेलं, म्हणून ते टेबलापासून वीतभर लांब उभे राहिले.

"साहेब, शिक्का माझा आहे. चूक माझी आहे. कागद माझा नाई. तुम्ही तुमच्या मशीनवर काहाडून पाहा. शेअर घ्या लागत नाई, पैसे लागत नाई. कोणीबी काहाडू शकते. शफीच्या पोरीनं काहाडलं." आणि त्यांनी कार्ड ठेवलं.

वकील म्हणाले, "साहेब, अशा रस्त्यावरच्या दुकानाच्या कार्डावर..."

"दुकानाचं कार्ड आहे, पण पत्ता सरकारचा आहे," साहेब म्हणाले. मागची बाजू त्यांनी दोनदा वाचली. मग वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत असलेल्या बाबूला बोलावलं आणि कार्ड दिलं. "हे उघडून आणा. चौऱ्याऐंशी पानं नका छापू, पाणी उपसण्याचं तेवढं पान आणा."

दीड तास लागला. लाइन दोनदा तुटली असं नंतर कळलं. त्या दीड तासात खाणीचा मॅनेजर तीनदा बाहेर फोन करून आला. बुधरीबाईंनी पिशवीतली भाकर सोडली आणि व्हरांड्यात नवऱ्याला म्हणाल्या, "खा. आता शिक्का मारून थोडीच खाशील." ते हसले नाहीत. त्यांची बोटं जांभळी होती आणि ते ती धोतराला पुसत होते.

बाबू दोन पानं घेऊन आला. कंपनीचं नाव, वर्ष, पंपाची ओळ, सगळं स्वच्छ. साहेबांनी आमचं जांभळं पान आणि ते पान शेजारी ठेवून ओळीवर ओळ बोटाने मिळवली.

"वकीलसाहेब, पंप नाही म्हणालात."

वकिलांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "सर, ते पावसाळ्यातलं साचलेलं पाणी काढायला. टेम्पररी."

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यात आकडेमोड केली. "आठ हजार सातशे तास. चोवीसने भागलं तर तीनशे बासष्ट दिवस. तुमच्या खाणीत पाऊस किती महिने पडतो?"

"टेंभरीत चार महिने पडते, साहेब," मनसारामभाऊ म्हणाले. टोमणा नव्हता तो. साहेबांना माहिती हवी असेल असं समजून त्यांनी सांगितलं.

आदेश निघायला एप्रिल उजाडला. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात न सोडता गाळणीच्या खड्ड्यातून घेऊन पाइपने टेंभरीच्या तलावात सोडावं, आणि तोवर सोसायटीचा ठेका रद्द करू नये. हे मी एका ओळीत लिहिलं, पण पाइप प्रत्यक्षात पडायला डिसेंबर लागला आणि मला तीन वेळा रस्त्यावर बसावं लागलं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं आलं. कतला मासा त्या वर्षी नीट वाढलाच नाही, रोहू टिकला. गाळणीचा खड्डा मोठा करून घेतल्यावर पाणी निवळलं. तलाव पहिल्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. टेकडीखालचं पाणी गेलं ते गेलं, आणि पंप थांबला की तलावही थांबेल. पण मार्चपर्यंत जाळं टाकण्याइतकं पाणी राहिलं आणि एकतीस घरांतल्या एकालाही व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

मनसारामभाऊंना मात्र एक चाळा लागला. गडचांदूरला बाजाराला गेले की शफीभाईच्या दुकानात डोकवायचे. "नवं आलं का?" इकरा सांगायची, चाचा, वर्षातून एकदाच येतं. "मग आलं की सांग."

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात आलं. इकराने निरोप पाठवला आणि मीही गेलो. पंपाची ओळ काढून टाकलेली होती. पण शेवटी समाजसेवेचं एक वेगळं पान होतं, रंगीत फोटोसकट. फोटोत आमचा तलाव, पाइपाचं तोंड आणि जाळं ओढणारे सोसायटीचे तीन लोक. खाली लिहिलं होतं की कंपनी परिसरातल्या गरीब मच्छीमारांच्या विकासासाठी स्वखर्चाने बारमाही पाणीपुरवठा करते.

माझं डोकं फिरलं. रस्त्यावर आम्ही बसलो, लाठी माझ्या पाठीवर पडली आणि हे म्हणतात समाजसेवा. मी शफीभाईंना म्हटलं कागद घाला, पेपरवाल्यांना पत्र लिहितो, शेअर बाजाराला लिहितो, खोटं आहे म्हणून.

"थांबा, भैयाजी," मनसारामभाऊ म्हणाले. "पोरी, बारमाही म्हणजे बाराही महिने ना? तसंच लिव्हलं आहे?"

"हो चाचा. बारमाही."

"आन हे सगळे पाहू शकतात. शेअरवाले, साहेब, सगळे."

"सगळे."

"मग राहू द्या. लिहू नका पत्र."

"काऊन?" मी ओरडलोच.

"साहेबाचा आदेश साहेबासंग जाते. नवा साहेब आला की म्हणतील, कोणता आदेश. हे तं त्याइनं आपल्या हातानं लिव्हलं, फोटू लावून. आता नळ बंद करतील तं कोणाले सांगतील? पुढच्या साली फोटू कशाचा लावतील?"

मी बराच वेळ त्यांच्याशी भांडलो. सत्य म्हणून काही असतं की नाही, असंही म्हणालो. ते म्हणाले, असतं, पण बीज पाण्यातच सोडावं लागतं. शेवटी पत्र मी लिहिलं नाही, आणि ते बरोबर झालं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी ते पान त्यांनी दोन प्रतींत छापून घेतलं, एक सोसायटीच्या फाइलला, एक तहसीलला द्यायला. शफीभाईंनी पैसे घेतले नाहीत. दोन किलो रोहू सांगितला, मार्चमध्ये, आणि मागच्या टायपिंगच्या बाकीचं विचारू नका असंही म्हणाले.